उक्तं घेतलेल्या कोंबड्या

ईट गावच्या चाचीनं मला फसवलं. गावात उलटं सांगतात. मी एका म्हाताऱ्या बाईच्या कोंबड्या पडत्या भावात पदरात पाडून घेतल्या, असं चहाच्या टपरीवर बोललं जातं आणि मी तिथं पोचलो की बोलणारे आपापल्या कपात बघायला लागतात. सौद्याच्या वेळी त्यांच्यातला एकही जण हजर नव्हता. मी होतो. म्हणून कुणी कुणाला फसवलं ते मी सांगतो.

माझा अंड्यांचा व्यापार आहे. सुरुवात सायकलवर केली. हँडलला दोन टोपल्या, टोपल्यांत भुसा आणि भुशात अंडी. वस्त्यावस्त्यांवरून गावरान अंडी गोळा करायची आणि भूमच्या बाजारात विकायची. आज माझा पिकअप वाशी, धाराशिवपर्यंत जातो. मला कुणी काही हातावर ठेवलेलं नाही. राग मला लवकर येतो हे खरं आहे, पण रागाच्या भरात भाव चुकलाय असं कधी झालं नाही.

चाची माझी घरमालकीण. ट्रे ठेवायला मी तिच्या अंगणातली पत्र्याची खोली भाड्यानं घेतली होती आणि तिच्या कोंबड्यांची अंडीही मीच विकत घ्यायचो. तिचा नवरा एका बेकरीत भट्टीवर कामाला होता. तो गेल्यावर ती एकटीच राहायची. लेक सोलापुरात दिलेली. चाचीच्या पायात कायम नवऱ्याचे काळे बूट असायचे, नाड्या काढलेले. नाड्या का काढल्या, तर कोंबड्या त्यांना गांडूळ समजून ओढायच्या. नुसत्या चपला घातल्या तर पायाची बोटं टोचायच्या. म्हणून बूट, आणि बिननाडीचे. ती अंगणातून चालली की फटक-फटक असा आवाज यायचा आणि त्या आवाजामागं सगळ्या कोंबड्या धावायच्या.

कोंबड्यांशी ती दखनीत बोलायची आणि माणसांशी मराठीत. एकदा मी विचारलं, "चाची, कोंबड्यांशी मराठीत का बोलत नाही?"

"त्यांना मराठी आलं तर तू भाव करशील त्यांच्यासंगं," ती म्हणाली.

प्रत्येक कोंबडीला नाव होतं. मान ताठ करून सगळ्या अंगणाची पाहणी करत हिंडायची ती तहसीलदारीण. संध्याकाळी सगळ्यांना खुराड्यात ढकलून शेवटी स्वतः चढायची ती कंडक्टरीण. पिल्लांना टोचून ओळीत ठेवणारी मास्तरीण. कुणाचंच काही न पटणारी सासू. आणि लाल तुऱ्याचा, छाती काढून फिरणारा कोंबडा म्हणजे सभापती.

सकाळी ती खुराड्याची फळी उघडायची, पण लगेच बाजूला व्हायची नाही. गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत राहायची. आज पहिली कोण बाहेर येते?

"काल मास्तरीण पुढं होती. आज तहसीलदारीण," ती मला सांगायची. "आत काय तरी झालंय रं. पर सांगत्यात कुठं?"

मला ट्रे भरायची घाई असायची. मी म्हणायचो, "कुणी का पुढं येईना, अंडी सारखीच."

"हौ," चाची म्हणायची, "तुला सारखीच."

कोंबडी अंडं घातल्यावर ओरडते हे सगळ्यांना माहीत आहे. ओरडणं ऐकलं की मी उचलायला धावायचो. चाची आडवी यायची. "थांब. तिचं बोलून होऊ दे. तू एक सौदा केलास की गावभर सांगत फिरतोस. तिनं कायकू गप बसायचं?" मग आम्ही दोघं उभे. कोंबडी मान वर करून, अख्ख्या ईटला ऐकू जाईल असं ओरडायची. बराच वेळ. ती गप झाली की चाची म्हणायची, "आता घे." तोवर अंडं वाळलेलं असायचं. ताजं अंडं क्षणभर ओलं असतं, हे मला इतक्या वर्षांच्या धंद्यात माहीत नव्हतं. ते मी चाचीच्याच अंगणात बघितलं.

खोली नुकतीच घेतली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी मी खोलीतून बाहेर आलो, तर तहसीलदारीण राखेच्या खड्ड्यात एका कुशीवर पडलेली. एक पाय ताणलेला, पंख पसरलेला, डोळे मिटलेले. मी ओरडलो, "चाची, पळा! कोंबडी गेली!"

चाची दारातनं बघून म्हणाली, "गेली न्हाय. न्हातीया."

आणि खरंच, तहसीलदारणीनं उठून अंग झाडलं आणि सगळी राख माझ्या पांढऱ्या पँटीवर आली. कोंबड्या पाण्यानं नाही, धुळीनं अंघोळ करतात. पिसांतले किडे त्यानं पडतात, असं चाचीनं सांगितलं. शेजारच्या बाईनं हा किस्सा आठवडाभर चालवला.

आता मुद्द्याचं. दर रविवारी चाची केक करायची आणि गल्लीतली पोरं हातात वाटी घेऊन यायची.

तिच्याकडं भट्टी नव्हती. एक मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. त्यात तळाला वाळू. पातेलं चुलीवर ठेवून वाळू तापवायची, मधे एक कडं ठेवायचं, त्यावर केकचा डबा आणि वरच्या झाकणावर निखारे. वरून खालून सारखी आच. झाला की नाही हे बघायला ती पोती शिवायचा दाभण खुपसायची. दाभण कोरडा निघाला की पातेलं उतरवायचं.

मोजमाप तर कुणी बघितलं नसेल असं. तराजूच्या एका पारड्यात ती अंडी ठेवायची, वजनं नाहीत. दुसऱ्या पारड्यात अंड्यांच्या भारोभार साखर. साखर काढून तेवढाच मैदा. मैदा काढून तेवढंच तूप. मी म्हणालो, "चाची, वजनं आहेत की तुमच्याकडं."

"वजनं कायम तेवढीच राहतात," ती म्हणाली. "अंडं आज बारीक, उद्या मोठं. मग केकनं कुणाचं ऐकायचं?"

प्रत्येक अंडं ती आधी वेगळ्या वाटीत फोडायची, वास घ्यायची आणि मगच भांड्यात सोडायची. मग ताकाची रवी घेऊन घुसळायला बसायची. पिवळं मिश्रण फुगून फिकं होईपर्यंत घुसळायची, आणि पोरं भोवतीनं श्वास धरून बघायची. सोडाबिडा काही घालायची नाही. फुगायचं ते त्या घुसळण्यानं.

पण केक फुकट नव्हता. प्रत्येक पोरानं त्या आठवड्यात कोंबडीची एक नवी गोष्ट बघून यायची आणि सगळ्यांसमोर सांगायची. आधी कुणी सांगितलेली चालणार नाही. ऐकीव चालणार नाही. स्वतः बघितलेली पाहिजे.

"कोंबडी पाणी पिताना मान वर करतीया. तिला गिळता येत न्हाय आपल्यावानी."

"कोंबडीची पापणी खालनं वर मिटतीया."

"सासूनं खडे खाल्ले. म्या बघितलं. दाणे न्हवते, खडेच."

"खडे कायकू खाल्ले?" चाची विचारायची. "तिला दात हायेत का? न्हाय ना. मग दळायचं कशानं? पोटात जातं हाय तिच्या."

मी हे सगळं खोलीच्या दारातून ऐकायचो. एका रविवारी केकचा वास इतका सुटला की मीही वाटी घेऊन रांगेत उभा राहिलो. चाचीनं सुरी हातात धरून माझ्याकडं बघितलं.

"बोल सेठ. काय बघितलंस?"

मी म्हणालो, "कोंबडी अंडं घालते."

पोरं हसून हसून एकमेकांवर पडली. चाची हसली नाही. "ते त्यांला जन्मतः माहीत हाय," ती म्हणाली, आणि सुरी पुढच्या पोराकडं वळवली. मला तुकडा दिला नाही. तिचा भाडेकरू मी, वेळेवर भाडं देणारा, आणि सात-आठ वर्षांच्या पोरांसमोर वाटी रिकामी घेऊन परत आलो. हे मी विसरलेलो नाही.

मग तिचे गुडघे गेले. खुराड्यापाशी वाकता येईना. लेकीनं सोलापूरहून निरोप धाडला, आता इकडंच या. चाची म्हणाली, "सेठ, कोंबड्या घेतोस का?"

गावरान अंड्यांना गिऱ्हाईक थांबत नाही. ज्याच्याकडं स्वतःच्या कोंबड्या, त्याला वस्त्या हिंडायला नको. मला त्या कोंबड्या हव्याच होत्या. पण हवं आहे असं दाखवणारा व्यापारी नसतो. मी खुराड्यापाशी उभा राहून खोट काढायला लागलो.

"ही तहसीलदारीण म्हातारी झालीय."

"हौ, झाली," चाची म्हणाली.

"मास्तरणीचा तुरा पांढरा पडलाय."

"पडलाय बाबा."

"ही काळी तर अंडी चोरून कुठंतरी घालते."

"लई चोरटी हाय. आन सासू तुला टोचंल बी, ते ऱ्हायलं सांगायचं."

विकणारा अडून बसला तर त्याला खाली आणता येतं. जो आपल्याआधीच खाली बसलाय त्याला कुठं आणायचं? माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "एकेकीचा भाव करत बसायला मला वेळ नाही. सगळं मिळून उक्तं सांगा."

उक्तं म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडं एखादं काम किंवा माल नग न मोजता, वजन न करता, जे काय आहे ते सगळं धरून एका आकड्यात घेतात. आत काय निघेल ते घेणाऱ्याचं. चांगलं निघालं तर त्याचं नशीब, वाईट निघालं तर तेही त्याचंच. मागून बोलायचं नाही.

"उक्तं?" चाचीनं विचारलं.

"उक्तं."

"कोंबड्यांचं म्हणून जे काय हाय ते समदं?"

"सगळं. खुराडं, डालं, तराजू, पातेलंसुद्धा."

"मागनं कुरकुर न्हाय?"

"मी कधी कुरकुर केलीय?"

चाची हसली. तिथंच मला कळायला हवं होतं. भाव करताना ती कधी हसत नव्हती. आकडा ठरला. किती ते सांगत नाही, पण पडता नव्हता. टपरीवाल्यांनी हे नीट वाचावं.

सकाळच्या एसटीनं ती गेली. मी कोंबड्या डाल्यात घालून घरी आणल्या. माझं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. आमच्याकडं नवी कोंबडी आणली की तिला चुलीभोवती फिरवतात आणि दोन-तीन दिवस डाल्याखाली झाकून ठेवतात, म्हणजे ती नवं घर धरते. बायको म्हणाली, "फिरवा की ओ चुलीभोवती." मी म्हणालो, "आपल्याकडं गॅस आहे. शेगडीभोवती ओट्यावर फिरवू का?" आणि त्या चरायला मोकळ्या सोडून दिल्या.

दिवस कलला आणि एकही कोंबडी दारात नाही. शोधत गेलो तर सगळ्या चाचीच्या अंगणात. कुलूप लावलेल्या दारासमोर पायरीवर ओळीनं बसलेल्या, आणि मागं कंडक्टरीण, कुणी राहिलं का बघत. मी चाचीला फोन लावला.

"चाची, कोंबड्या परत गेल्या!"

"मग? त्या त्यांच्या घरी गेल्या. कोंबड्या तू घेतल्यास सेठ, घर कुठं घेतलंस?"

तेव्हापासून कोंबड्या माझ्या, पण राहणार तिच्या अंगणात. आणि पत्र्याच्या खोलीसोबत अख्ख्या अंगणाचं भाडं मी भरतो. हा झाला पहिला फटका.

दुसरा रविवारी बसला. मी खुराडं झाडत होतो. बघतो तर फाटकात सगळी पोरं उभी. हातात वाट्या.

"काय आहे?"

"केक," एक पोरगं म्हणालं.

"चाची गेली. केक संपला. चला घरी."

कुणी हललं नाही. एक बारकी पोरगी पुढं आली. बोलताना डोळे मिचकावण्याची सवय तिला. ती म्हणाली, "चाचीनं सांगितलंय. सेठनं समदं उक्तं घेतलंय. त्यात आमी बी हाओत."

मी इतक्या जोरात ओरडलो की सभापती खुराड्यावरून खाली पडला. पोरं मात्र तशीच. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

"चाची, पोरांना काय सांगून गेलात तुम्ही?"

"खरं तेच. तू म्हणालास, कोंबड्यांचं म्हणून जे काय हाय ते समदं. पोरं कोंबड्यांचीच हायेत. ती काय माझी हायेत व्हय?" आणि मग माझ्याशी बोलायचं सोडून, "पोरांनो, सासू खाती का नीट?"

"खाती!" सगळी ओरडली.

मी केक केला. भाव ठरल्यावर मी माल टाकून पळणाऱ्यांतला नाही. पण गावरान अंडी बाजाराची होती, म्हणून मी फार्मची फोडली. याला फसवणूक म्हणत नाहीत, याला धंदा म्हणतात. तराजूही काढला नाही. चाची दहा अंडी घ्यायची ते डोळ्यांनी बघितलेलं होतं, मैदा अंदाजानं टाकला. केक मधे बसला, खड्डा पडला. पोरांनी वाटीतला तुकडा उलटासुलटा करून बघितला.

"मामा, ह्याचा बलक पांढुरका व्हता," ती बारकी म्हणाली. "म्या बघितलं फोडताना. ही आपल्या कोंबड्यांची न्हायत."

"गप खा."

"आन तुमी तुमचं सांगितलं न्हाय. तुमी काय बघितलंत ते."

"मी केक करणारा आहे."

"चाची बी करायची. ती दर रविवारी सांगायची."

म्हणजे नियम मलाही लागू. मी त्या आठवड्यात मुद्दाम बघायला बसलो, नाहीतर पोरांनी पुन्हा हसून घेतलं असतं. पिकअपच्या सीटवर बसून, हिशेब करतोय असं दाखवत. आणि मला दिसलं. सभापतीला दाणा सापडला की तो चोचीनं वरखाली करून टुक-टुक आवाज काढतो. कोंबड्या धावत येतात, तो स्वतः खात नाही, त्यांना देतो. हे पोरांनी आधीच सांगून झालं होतं. पण मी पुढचं बघितलं. कधीकधी समोर काहीच नसतं. नुसती काडी, नुसता खडा. तरी तो टुक-टुक करतो, तरी कोंबड्या येतात. आणि तहसीलदारीण एकदा फसली की पुढच्या दोन हाकांना जागची हलत नाही.

रविवारी मी हे सांगितलं. "कोंबडा खोटं बोलतो."

अंगणात एकदम गिल्ला. "खरं? सभापती? कवा?" सगळी पोरं सभापतीच्या मागं. त्या दिवशी तराजू काढला होता, अंडी आपल्याच कोंबड्यांची होती, दाभण कोरडा निघाला. पोरांनी पहिला तुकडा मला दिला. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढा लहान तुकडा? भाव करून मी कडेचा, जास्त भाजलेला तुकडा वर मागून घेतला.

दिवाळीच्या आसपास ती चोरटी काळी कोंबडी खुडूक झाली. म्हणजे अंडी घालायची बंद होऊन नुसती बसून राहायला लागली, पिसं फुगवून, जवळ गेलं की गुरगुरायची. अंडी तिच्याखाली मांडली. बाजारात जाणारी अंडी बसवण्यात माझं नुकसानच होतं, पण पोरांनी ठरवलं होतं. त्या बारक्या पोरीनं कोळशानं प्रत्येक अंड्यावर खूण केली. काळी कोंबडी अंडी उलटवते का, ते तिला बघायचं होतं. काळी रोज उलटवायची. पोरीनं रविवारी ते सांगितलं, केक खाल्ला, आणि मग मला विचारलं, "मामा, पिल्लू भाईर यायच्या आदी आतनं वरडतं म्हणं. मग कोंबडी त्याला काय म्हणती?"

मला माहीत नव्हतं. चाचीला फोन केला. चाची म्हणाली, "ते ऐकून सांगायचं असतंय. म्या सांगितलं तर ऐकीव व्हईल."

"पिल्लं निघायची वेळ झाली की मी तुला बोलावतो," मी पोरीला सांगितलं. शब्द दिला.

पिल्लं निघाली त्या सकाळी मी खुराड्याला कान लावून बसलो होतो. अंड्याच्या आतून बारीक चिवचिव आली, अंडं अजून फुटलेलंही नव्हतं. आणि काळी बोलली. ओरडली नाही, गुरगुरली नाही. घशातल्या घशात, हळू, तुटक, असा आवाज मी कोंबडीचा कधी ऐकला नव्हता. आतून पुन्हा चिवचिव, हिचं पुन्हा उत्तर. मी तसाच उठून त्या पोरीच्या घरी गेलो. कडी घातलेली, अंगणात कुणी नाही. शेजारीण म्हणाली, आईबापासंगं ऊस तोडायला गेली. ढोकीच्या कारखान्याकडं का कर्नाटकात, नक्की माहीत नाही. रात्रीतच गाडी आली होती.

ऊसतोडीच्या मुकादमाला फोन केला. तो म्हणाला, "शेठ, तुमचं काय काम तिच्याकडं?" मला विचारू नका म्हणाला आणि फोन ठेवला. शाळेत गेलो. गुरुजींनी पट उघडून दाखवला, नाव आहे. नाव आहे ते मलाही माहीत होतं. पोरगी कुठं आहे, विचारलं, तर ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्या रविवारी मी केक केला आणि माझ्यावर पाळी आली तेव्हा पोरांना सांगितलं, माझ्याकडं गोष्ट आहे, पण ती सांगायची नाही, ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. पोरांनी मला तुकडा दिला नाही. नियम तो नियम.

तर चाची, माझं म्हणणं असं. उक्तं घेतलेल्या मालात वाईट निघालं तर मी बोललो नसतो. कोंबड्या तुमच्याच अंगणात राहतात, भाडं मी भरतो, केक मी करतो, तूप माझं, अंडी माझी, बोललो का? पण माल कमी भरला तर विचारायचा हक्क घेणाऱ्याला आहे. मुकादम म्हणतो मला विचारू नका. शाळा म्हणते नाव पटावर आहे. त्यांच्याशी मी सौदा केलेला नाही. सौदा तुमच्याशी झालाय, चाची. पोरं त्यात आहेत, हे तुम्हीच फोनवर सगळ्यांसमोर बोललात. मग एक का कमी आहे? ती कुठल्या उसाच्या फडात आहे, तिथं कुणी कोंबडी पाळलीय का, आणि काळी काय म्हणाली ते मी आता कुणाला सांगू? गुडघे दुखत असतील तर फोनवर सांगा, पण जबाब द्या. मला तो रविवारच्या आत पाहिजे.